बुधवारचं इंजेक्शन

आप्पांचं बीपी मोजायचं यंत्र खोटं बोलतंय, यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं आणि रोहिणी एकटी पडली.

"एकशे ब्याऐंशी. खाली एकशे सहा," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"सेल उतरले आसतील," तिचा नवरा बसवेश्वर म्हणाला.

"कालच नवे घातलेत."

"मंग नव्या सेलमुळंच," आप्पा खुर्चीतून म्हणाले. "नव्या सेलचा जोर लई आसतो. यंत्राला सोसंना झालाय."

स्वतःच्याच बोलण्यावर हसायला त्यांनी मान मागं टाकली आणि लगेच डोळे मिटून घेतले. ते एवढंसं मिटणं रोहिणीच्या नजरेतून सुटलं नाही.

शनिवारची सकाळ, सव्वाआठ वाजलेले. नांदूरघाटच्या पेठेत खाली किराणा दुकान आणि वर घर. आज दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि गच्चीवर मांडव घातला होता. अकरा वाजता मांजरसुंब्याची मंडळी स्वप्नालीच्या साखरपुड्याला येणार होती. विरुपाक्षआप्पा सहापासूनच तयार होऊन बसले होते: धोतर, कोट, कपाळावर भस्माचे पट्टे, गुडघ्यावर बांधून ठेवलेला फेटा. राहिलं होतं ते फक्त शनिवारचं इंजेक्शन. ते झालं की पाव्हण्यांच्या गाडीचं दार उघडायला आपण जिन्यानं पळत खाली जाणार, असं त्यांनी दोन दिवसांपासून सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

जिना अठरा पायऱ्यांचा. मागच्या वर्षी किडन्या मंदावल्या आणि रक्त पावणेआठवर उतरलं, तेव्हा याच जिन्यात आप्पांना दोनदा बसावं लागायचं. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं. रक्त तयार करा, असा सांगावा किडनीकडून हाडांतल्या मगजाला जात असतो. यांच्या किडन्या थकल्या, सांगावा जाईना, म्हणून तो आता सुईतून द्यायचा. आठवड्याला एक सुई, पोटाच्या कातडीखाली. फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या खणात नाही. हलवायची नाही. टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायची. आणि दर वेळी आधी बीपी बघायचं. चढलेलं असलं तर सुई नाही, आधी फोन.

दवाखान्यातल्या सिस्टरनं रोहिणीला एका दुपारी सगळं शिकवलं. तेव्हापासून तिच्या कॅलेंडरवर दर शनिवारच्या चौकोनात 'उ' नाहीतर 'डा' असायचं. या खेपेला पोटाची उजवी बाजू, पुढच्या खेपेला डावी.

"आप्पा, डोकं दुखतंय का?"

"अजिबात न्हाई."

"खोटं," दारातून स्वप्नाली म्हणाली. तिच्या अर्ध्या केसांना पिना होत्या, अर्धे मोकळे होते. "कालपासून तीनदा बाम मागितला माझ्याकडं. आन् सकाळी मला 'रोहिणी' म्हणून हाक मारली. म्हणाले, पुसट दिसतंय."

"तू आईसारखी दिसायला लागलीस, त्याला मी काय करू?"

"आप्पा, सदरा वर करा," रोहिणी म्हणाली.

आप्पांचा चेहरा उजळला. सून वितळली, सुई मिळणार. त्यांनी कोट बाजूला सारून सदरा वर केला. आज डाव्या बाजूची पाळी होती. रोहिणी वाकली, आणि तशीच थांबली.

डाव्या बाजूला, बेंबीपासून चार बोटं लांब, तीन बारीक डाग होते. एक निळा, एक पिवळट, एक विझत आलेला. एकाच ओळीत, मोजून एका-एका बोटाच्या अंतरावर.

"हे काय हाय?"

"डास," आप्पा म्हणाले. "मागल्या बारीला बी सांगितलं होतं तुला."

"मागच्या डाव्या बारीला एकच होता म्हणून मी मानलं. आता तीन. आप्पा, डास पट्टी लावून चावत नसतो."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वेलदोडे सोलत बसलेल्या महादेवीआत्याचा हात थबकला. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. केजला एकटी राहायची. छत्तीस वर्षं उपकेंद्रावर सिस्टर होती. अर्ध्या तालुक्याच्या दंडावर तिच्या सुईची खूण होती. साखरपुड्याच्या तयारीला म्हणून ती बरोब्बर महिन्यापूर्वी इथं आली होती. रोहिणीनं त्या ओळीकडं पुन्हा पाहिलं. इतका नेमका हात या घरात एकाच माणसाचा होता.

ती आत्याला काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, "आप्पा, दुसरी सुई कोण देतंय, हे मी इचारत न्हाई. कधीपासून, तेवढं सांगा."

०

विरुपाक्षआप्पांना वाटत होतं की आपला बेत साधा आणि बिनचूक होता, आणि तो सुनेच्या डोळ्यांनी बिघडवला.

सुईनं रक्त दहावर आलं, मग अकरावर. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, बस, इथंच ठेवायचं. आप्पांना ते पटलंच नाही. निरोगी माणसाला चौदा असतं म्हणतात, मग आपल्याला अकरात कावून समाधान मानायचं? त्यात नवऱ्या मुलाचा आजा, म्हणजे आपला व्याही कोण निघाला, तर त्रिंबक! नेकनूरच्या शाळेत एका बाकावर बसलेला, पळण्यात, पोहण्यात, पाढ्यांत एकाला दुसरा कधी पुढं जाऊ द्यायचा नाही. आता मांजरसुंब्याला त्याचा ढाबा होता. पंचाहत्तरीतही गल्ल्यावर ताठ उभा असतो, असं ऐकलेलं. आणि आपण? दिवाळीच्या आधी एकदा तिसऱ्या पायरीवर धापा टाकत बसलो होतो, तेव्हा गावातली एक पोर वर जाताना म्हणाली, "आप्पा, सरका जरा." ते 'सरका जरा' त्यांच्या कानातून जात नव्हतं.

म्हणून त्यांनी जुनी चिठ्ठी दाखवून केजच्या एका मेडिकलमधून त्याच सुयांचा वेगळा डबा आणवला. बहिणीला सांगितलं की डॉक्टरनं आता शनिवारच्या जोडीला बुधवारचंही लिहून दिलंय, पण सुनेला किती राबवायचं, बुधवारचं तू दे. महादेवीनं एका शब्दानं विचारलं नाही. उलट तिचा चेहरा असा खुलला की आप्पांना आपण पुण्यच केल्यासारखं वाटलं. चार बुधवार झाले. पायांत जोर आला होता. खरंच आला होता. हे डोकं तेवढं दोन दिवसांपासून ठणकत होतं, पण कार्याच्या घरात कुणाचं ठणकत नाही?

"चार बुधवार," ते शेवटी पुटपुटले.

"आन् डबा कुठं ठेवला? घरातल्या फ्रिजमधी तर मला दिसला न्हाई."

आप्पांनी छताकडं पाहिलं. बसवेश्वरनं जमिनीकडं पाहिलं. रोहिणीनं नवऱ्याकडं पाहिलं.

"तुमाला माहीत होतं?"

"मला काय माहीत?" बसवेश्वर म्हणाला. "दुकानातल्या फ्रिजमधी, थंड पेयाच्या बाटल्यांच्या मागं एक डबा दिसला. आप्पा म्हणले, हात लावू नको. मी न्हाई लावला."

"इचारलं बी न्हाई?"

"आप्पा नको म्हणले ना."

"बावन्न वर्षांचे झालात तुमी!"

"त्यांच्यापुढं न्हाई झालो अजून," बसवेश्वर इतक्या खरेपणानं म्हणाला की स्वप्नालीला हसू फुटलं आणि पिना खाली पडल्या.

रोहिणी मात्र हसली नाही. ती फोन घेऊन गच्चीच्या दारात गेली. बोलून परत आली तेव्हा तिचा आवाज खाली उतरला होता.

"डॉक्टर म्हणाल्या, आज सुई न्हाई. पुढंबी त्या सांगतील तवाच. आन् डोकं दुखतंय, पुसट दिसतंय, तर आत्ताच्या आत्ता घेऊन या."

"आत्ता?" आप्पा उसळले. "पोरीचा साखरपुडा हाय आन् मी दवाखान्यात जाऊ? पाव्हणे काय म्हणतील? दुपारी जाऊ. कार्य झालं की मी सोता गाडीत बसतो, शप्पथ."

"दोन तासांचाच तर कार्यक्रम हाय," बसवेश्वर मध्ये पडला. "विधीला जंगमस्वामी आलेत, आचारी आलाय. आप्पांना खुर्चीतून उठू देत न्हाई मी."

"बाबा, आप्पा न्हाई गेले तर मी बसणारच न्हाई पाटावर," स्वप्नाली म्हणाली.

"तू पिना लाव गुमान," बाप म्हणाला.

सगळे एकदम बोलायला लागले. महादेवीआत्यानं तेवढे पुन्हा वेलदोडे सोलायला घेतले.

०

महादेवीला पहिल्यांदा राग आला तो सुनेचा. कालची पोर, एका दुपारी सुई धरायला शिकली, आणि आपल्या ओळीला बोट लावून 'डास पट्टी लावून चावत नसतो' म्हणते. मग तिच्या लक्षात आलं की रोहिणीनं तिचं नाव घेतलेलं नाही. सगळं कळूनही घेतलेलं नाही.

ती उठली, वेलदोड्यांचं ताट बाजूला ठेवलं आणि कुणाला न सांगता जिना उतरून दुकानात गेली. बाटल्यांमागून डबा काढला. महिनाभर ती त्यातून एक-एक सुई घेत होती. आतला घडीचा कागद तिनं कधी उलगडला नव्हता. बारीक इंग्रजी अक्षरं. तिनं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ट्रेनिंगमध्ये वाचायची तसं एकेका शब्दाखाली बोट धरून वाचलं. बीपी न आवरलेल्या माणसाला द्यायचं नाही. रक्त ठरल्यापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. वाढलं तर रक्ताची गाठ, झटका, अर्धांग.

तिनं आयुष्यभर टोचल्या त्या लशी. लोहाची इंजेक्शनं. ताकदीची. हेही त्यातलंच असेल, असं तिनं धरून चाललं होतं. ज्या बाईनं छत्तीस वर्षांत चिठ्ठी बघितल्याशिवाय आणि 'काही सोसत नाही का' असं विचारल्याशिवाय परक्याच्या पोरालाही सुई लावली नाही, तिनं सख्ख्या भावाला चार वेळा टोचलं, चिठ्ठी न बघता. कारण त्यानं मागितलं होतं. रिटायर झाल्यापासून कुणी काही मागत नव्हतं.

ती वर आली ती वेगळीच होऊन. पदर खोचलेला, हातात डबा.

"सरका सगळे. दादा, हास."

"कशाला?"

"दात दाव म्हणते."

आप्पांनी दात दाखवले. महादेवीनं ओठांच्या दोन्ही कडा न्याहाळल्या.

"दोनी हात म्होरं धर. डोळे मिट. एकबी हात खाली यिऊ द्यायचा न्हाई. आता नाव सांग, पूर्ण."

"तुला माझं नाव माहीत न्हाई?"

"सांग म्हणते ना!"

आप्पांनी नाव सांगितलं. जीभ अडखळली नाही, हात ढळले नाहीत. महादेवीनं श्वास सोडला. पण नाडी धरली तेव्हा मनगटात जे उडत होतं ते तिला आवडलं नाही.

"दादा, आता सरळ सांग. बुधवारचं डॉक्टरनं सांगितलं होतं का न्हाई?"

"तसं म्हणलं तर..."

"हो का न्हाई?"

आप्पांनी फेट्याची गाठ चाचपली. "न्हाई."

खाली पेठेत कुणाची तरी मोटारसायकल सुरू होईना, तिच्या किका तेवढ्या ऐकू येत होत्या.

"रोहिणी," महादेवी म्हणाली, "चारी सुया मी दिल्या. कागद बघितला न्हाई. चूक माझी. त्यानं फसवलं ही त्याची चूक, पण सुई माझ्या हातात होती." मग तिनं भाच्याकडं मोहरा वळवला. "बश्या, गाडी काढ."

"आत्या, अकराला पाव्हणे..."

"पाव्हणे जेवून जातील. गाडी काढ म्हणते."

आणि नेमकी तेव्हाच जिन्यावर काठीची टकटक ऐकू आली.

"शरणार्थ! आहेत का मंडळी घरात?"

त्रिंबकआप्पा. अकराच्या जागी नऊला. पहाटे चारला झोप उडते आणि घरातले आवरेपर्यंत धीर धरवत नाही, म्हणून ड्रायव्हरला घेऊन एकटेच पुढं निघून आले होते. आप्पांनी झटक्यात फेटा डोक्यावर घातला.

"कुणी काही बोलायचं न्हाई," ते दातांतल्या दातांत म्हणाले आणि उभे राहिले. "या या व्याहीबुवा! कसं काय..."

उभं राहणं जरा जोरातच झालं. खोली एकदा कलली. फेटा डोळ्यांवर आला. बसवेश्वर धावेपर्यंत त्रिंबकआप्पांनी काठी टाकून दोन्ही हातांनी त्यांना धरलं होतं.

"काय बे विरुपाक्ष, गळाभेटीची एवढी घाई?"

"काय न्हाई, धोतर पायात आलं."

"धोतर न्हाई, बीपी हाय," महादेवी म्हणाली. "एकशे ब्याऐंशी. रक्ताचं इंजेक्शन आठवड्याला एक घ्यायचं, ह्यानं लबाडी करून दोन घेतली. तुमच्याम्होरं ताठ दिसायला."

"महादेवे!" आप्पांचा आवाज चिरकला. साठ वर्षं जपलेलं काहीतरी बहिणीनं एका दमात जमिनीवर ओतलं होतं.

त्रिंबकआप्पांनी त्यांना हळूच खुर्चीत बसवलं. फेटा सरळ केला. वाकून आपली काठी उचलली. आता सोयरीक धोक्यात येणार, आजार लपवला म्हणतील, ही भीती बसवेश्वरच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"आमी पोरगी बघितली, ती पसंत केली," त्रिंबकआप्पा म्हणाले. "तुला बघायला कोण आलंय? तुला तर मी शाळंपासून नापसंत केलेलं हाय. चल. माझी गाडी खालीच उभी हाय, एसी चालू हाय. मी बी येतो."

"तू कशाला?"

"मंग हितं बसून काय करू? बश्यासंगं हवापाण्यावर बोलू?"

जिना उतरताना आप्पांच्या एका बाजूला रोहिणी होती आणि दुसऱ्या बाजूला महादेवी. मागून काठी टेकत त्रिंबकआप्पा. चौथ्या पायरीवर तेच थांबले. "थांबा बे जरा," ते कठड्याला धरून म्हणाले, "माझ्या गुडघ्यात कळ आली." आप्पांनी वळून पाहिलं, आणि डोकं ठणकत असूनही त्यांना केवढा तरी आराम वाटला.

०

केज मागं पडेपर्यंत दोघा म्हाताऱ्यांचं नेकनूरच्या एका विहिरीवरून वाजलं होतं. वरून आधी उडी कुणी मारली, याचा निकाल साठ वर्षांत लागलेला नव्हता. पुढं बसलेली महादेवी दर दहा मिनिटांनी मागं वळून विचारायची, "दादा, दिसतंय का नीट?" आणि आप्पा म्हणायचे, "त्रिंबक दिसतोय, म्हणजे नीट कसं म्हणू?"

डॉक्टरीणबाई वाटच बघत होत्या. गोळ्या दिल्या, हृदयाचा आलेख काढला, डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिलं, रक्त घेतलं. रिपोर्ट आला तेव्हा आप्पा पलंगावर होते आणि रोहिणी, महादेवी, त्रिंबकआप्पा भिंतीला टेकून.

"तेरा पूर्णांक सहा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"तेरा पूर्णांक सहा!" आप्पा उठूनच बसले. "ऐकलं का त्रिंबक? तुझं किती?"

"माझं कुणी बघितलंय?"

"बाई, ह्याचं बी बघा."

"हा दवाखाना आहे, शर्यत नाही," डॉक्टर म्हणाल्या. पण त्रिंबकआप्पांनी बोट आधीच पुढं केलं होतं, आणि सिस्टरला इतकं हसू येत होतं की तिनं टोचूनही टाकलं. बारा पूर्णांक एक. आप्पांनी जग जिंकल्यासारखा कोट झटकला.

डॉक्टर खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या.

"आप्पा, आता माझं ऐका. ह्यांचं बारा त्यांच्या शरीरानं कमावलंय. तुमचं तेरा आपण सुईनं ढकलून नेलंय, तेही महिन्याभरात. रक्त असं घाईनं वाढलं की घट्ट होतं, बीपी चढतं, गाठ होऊन मेंदूत अडकू शकते. दहा ते अकरा हे मी काय मेहेरबानी म्हणून दिलेले मार्क नाहीत. तुमच्यासाठी तेच बरोबर आहे. आज सकाळी ती सुई गेली असती, तर कदाचित आत्ता तुम्ही मला उत्तर देऊ शकला नसता."

आप्पांनी झटकलेला कोट पुन्हा अंगाशी ओढून घेतला.

डॉक्टर बाहेर गेल्यावर त्रिंबकआप्पा पलंगाच्या कडेला टेकले. काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाला असाच झटका आलता. सहा वर्षं जिता होता. एक शब्द बोलला न्हाई. मी रोज जाऊन त्याच्याम्होरं बसायचो, मुद्दाम उलटंसुलटं बोलायचो, चिडंल म्हणून. नुसता बघायचा." त्यांनी काठी पलंगाला टेकवून ठेवली. "तू गप झालास तर विहिरीचं कुणासंगं भांडू बे मी?"

आप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "उडी तूच आधी मारली होती."

"माहीत हाय मला," त्रिंबकआप्पा म्हणाले.

अडीचपर्यंत बीपी हळूहळू एकशे पन्नासावर आलं. डोकं उतरलं, नजर निवळली. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या बदलल्या आणि रक्ताची सुई बंद केली. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. अकराच्या जवळ आलं की कमी मात्रेनं परत सुरू. तोवर दिवसातून दोनदा बीपी. डोकं, नजर, हातपाय, छाती, पायाची सूज, यातलं काहीही वेगळं वाटलं तर कार्याची वाट बघायची नाही. आज घरी जायला हरकत नाही, पण बसून.

साखरपुडा साडेचारला झाला. मांजरसुंब्याची मंडळी तोवर जेवली, घोरली आणि उठून पत्ते खेळली. अंगठी घालताना मृत्युंजयनं, म्हणजे नवऱ्या मुलानं, चुकून स्वप्नालीचा उजवा हात धरला आणि तिनं सगळ्यांदेखत "डावा" म्हणून दटावलं. आप्पा खुर्चीत होते. त्यांना एकट्याला बसल्यासारखं वाटू नये म्हणून की गुडघ्यानं हैराण केलं म्हणून, कोण जाणे, पण शेजारची खुर्ची त्रिंबकआप्पांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

०

मंडळी गेली तेव्हा उन्हं गच्चीच्या कठड्यावर होती. रोहिणी स्वयंपाकघरात उरलेली पोळीभाजी झाकत होती, तेवढ्यात महादेवीआत्या आली. हातात पिशवी.

"मी उद्या सकाळच्या यष्टीनं जाते केजला."

"कावून? चार दिवस ऱ्हाणार होता ना?"

"ऱ्हाऊन काय करू? माझ्या हातानं जे झालं..." तिनं पदराच्या टोकाशी चाळा केला.

रोहिणीनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

"आत्या, एक सांगू? कुणाला बोलू नका. मला सुईची लई भीती वाटती. त्या सिस्टरनं एकदाच दाखवलं होतं. मी कॅलेंडरवर लिहिते, बीपी बघते, सगळं बघते. पण टोचताना मी मधीच थांबते. आप्पा काही बोलत न्हाईत, पण त्यांना दुखतं. माझ्या सगळ्या जागा काळ्यानिळ्या होतात. तुमच्या चारातली एक तर दिसत बी न्हाई."

महादेवीनं पिशवी ओट्यावर ठेवली. आतून कागदात बंद असलेली कोरी सिरिंज काढली, पेल्यातलं पाणी भरलं, टोपलीतला एक टपोरा टोमॅटो घेतला.

"धर. पेन धरतीस तसं. आता कातडी चिमटीत. आगं, घाबरत घाबरत टोचलं की जास्त दुखतं. एका दमात जायचं, औषध मातर सावकाश सोडायचं. हां. सुई काढली की चोळायचं न्हाई, नुसतं दाबून धरायचं. आन् झालेली सुई केरात न्हाई टाकायची, जाड डब्यात."

पहिल्यांदा टोमॅटोतून रस उडाला. दुसऱ्यांदा सुई वाकडी गेली. तिसऱ्यांदा बरी गेली.

"आता माझी परीक्षा," महादेवी म्हणाली. तिनं कनवटीला खोचलेला तो घडीचा कागद काढून रोहिणीच्या हातात दिला. "तू इचार, मी सांगते. बारीक अक्षरातलं बी इचार."

"द्यायच्या आधी काय बघायचं?"

"डॉक्टरची चिठ्ठी, आन् तीबी ताजी. नाव. तारीख. मात्रा. औषध नितळ हाय का गढूळ. बीपी. मागचं रक्त किती होतं." तिनं बोटांवर मोजलं, थांबली. "आन् पेशंट सख्खा भाऊ आसला तर दोनदा."

दार ढकलून आप्पा आत डोकावले. फेटा काढलेला, डोक्यावरचे पांढरे केस उभे. ओट्यावर सिरिंज, टोमॅटो आणि दोघी बायका पाहून ते जागीच थबकले.

"त्या टोमॅटोला काय झालं?"

"रक्त लई वाढलं होतं त्याचं," महादेवी मान वर न करता म्हणाली. "बंद केलं."